स्क्रीन बोलते, ऐकत नाही

"आमची दीड वर्षाचीच आहे, पण इंग्लिशमधले सगळे रंग येतात तिला. यूट्यूबवरून शिकली. आम्ही काही म्हणजे काही केलं नाही."

हे वाक्य गेल्या वर्षभरात मी ऑफिसच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या लिफ्टमध्ये किमान दहा-पंधरा वेळा ऐकलं असेल. मूल बदलतं, रंगांच्या जागी प्राणी येतात, प्राण्यांच्या जागी एबीसीडी येते. शेवट मात्र तोच. आम्ही काही केलं नाही. आणि गंमत म्हणजे ही तक्रार नसते, कौतुक असतं!

या वीकएंडला तेवढ्या एका वाक्याचा समाचार घ्यायचा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मला अजून मूल नाही. त्यामुळे "तुझं झालं की मग बोल" हा बाण माझ्या दिशेने सुटणार हे धरूनच चाललोय. पण साहेब, टेस्टरने कोड लिहिलेला नसतो म्हणून त्याने काढलेला बग खोटा ठरतो का? रात्री अडीच वाजता रडणाऱ्या पोराला कसं झोपवायचं हे मी सांगणारच नाहीये, त्यातलं मला शून्य कळतं. मी फक्त एक दावा तपासतोय. "एज्युकेशनल" व्हिडिओ बघून दोन वर्षांखालची मुलं भाषा शिकतात, हा तो दावा. या वयासाठी, आणि ज्या अर्थाने तो विकला जातो त्या अर्थाने, तो खोटा आहे.

हा धंदा सुरू कसा झाला

१९९७ साली अमेरिकेत ज्युली आयग्नर-क्लार्क नावाच्या एका माजी शिक्षिकेने लहान बाळांसाठी एक व्हिडिओ काढला. खेळणी, कठपुतळ्या, मागे संगीत, आणि वेगवेगळ्या भाषांमध्ये बोलणाऱ्या बायकांचे आवाज. नाव ठेवलं ‘बेबी आइन्स्टाइन’. आता मला सांगा, हे नाव ऐकल्यावर कुठल्या आईबापाचा हात खिशाकडे जाणार नाही? पुढे ‘बेबी मोझार्ट’ आला, ‘बेबी बाख’ आला. २००१ साली डिस्नेने ही कंपनीच विकत घेतली. २००३ च्या एका पाहणीनुसार अमेरिकेतल्या सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांच्या घरी यातला किमान एक व्हिडिओ होता. जानेवारी २००७ मध्ये तर खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश यांनी संसदेतल्या वार्षिक भाषणात या बाईंचं नाव घेऊन कौतुक केलं. म्हणजे आपल्याकडे लाल किल्ल्यावरून नाव घेतल्यासारखंच झालं.

पण २००६ मध्येच एका संघटनेने तिकडच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली होती की ‘शैक्षणिक’ म्हणून विकताय, पुरावा दाखवा. कंपनीने वेबसाइटवरचे काही दावे काढून टाकले आणि कमिशनने डिसेंबर २००७ मध्ये काही कारवाई न करता फाइल बंद केली. मग २००९ साली डिस्नेने जाहीर केलं की २००४ ते २००९ या काळात घेतलेल्या डीव्हीडींचे पैसे परत मिळतील, एका डीव्हीडीला १५.९९ डॉलर, जास्तीत जास्त चार. आम्ही चूक वगैरे मान्य करत नाही, ग्राहकांच्या समाधानासाठी करतोय, असं वर सांगितलं. सपोर्टमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला ही भाषा ओळखीची असेल.

याचा एक चुलतभाऊही आहे, ‘युअर बेबी कॅन रीड’. तीन महिन्यांच्या बाळाला वाचायला शिकवतो म्हणे! ही कंपनी २०१२ मध्ये बंद पडली आणि त्याच वर्षी फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर खोट्या जाहिरातीचा दावा लावला. यातला सगळ्यात भारी भाग नंतर घडला. २०१४ साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या सुझन न्यूमन आणि सहकाऱ्यांनी ९ ते १८ महिन्यांच्या ११७ बाळांवर सात महिने प्रयोग केला. अर्ध्यांना वाचन शिकवणारा असा माल दिला, अर्ध्यांना नाही. मग चौदा चाचण्या घेतल्या. तेरांमध्ये काहीही फरक नाही. फरक पडला तो फक्त चौदाव्यात, आणि ती होती आईबापांचं मत विचारणारी. माल मिळालेल्या घरांत पालकांची ठाम खात्री होती की आमचं बाळ नवीन शब्द शिकतंय.

थोडक्यात, शिकलं कोणीच नाही. पटलं मात्र सगळ्यांना.

बरं, मोजणार कसं?

‘यूट्यूबवरून शिकली’ या वाक्यात एक मोठी गोची आहे. दीड वर्षाचं मूल दर आठवड्याला नवे शब्द शिकतच असतं. व्हिडिओ लावा, न लावा, शब्द वाढणारच. त्यामुळे महिनाभर व्हिडिओ दाखवला आणि महिन्यानंतर दहा शब्द जास्त आले, याचा अर्थ व्हिडिओने शिकवलं असा होत नाही. नवीन रिलीज गेल्यावर सर्व्हर फास्ट झाला, पण त्याच दिवशी कोणीतरी रॅमही वाढवली होती, तर श्रेय कोणाला देणार? त्यासाठी तुलनेला दुसरा गट लागतो.

असा गट घेऊन प्रयोग केला ज्युडी डीलोच यांनी, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं १२ ते १८ महिन्यांची, काळ चार आठवडे, आणि बाजारात खपणारी शब्द शिकवणारी एक डीव्हीडी. एका गटाने ती नुसती बघितली. दुसऱ्याने आईबाबांसोबत बघितली. तिसऱ्याने डीव्हीडी बघितलीच नाही, फक्त पालकांना त्यातल्या शब्दांची यादी दिली आणि सांगितलं की रोजच्या व्यवहारात जमेल तसे हे शब्द शिकवा. चौथ्या गटाने काहीच केलं नाही.

निकाल? डीव्हीडी बघणारी मुलं काहीच न करणाऱ्यांपेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत. आईबाबा शेजारी बसले तरीही नाहीत. सगळ्यात जास्त शिकला तो तिसरा गट, ज्यांच्या घरी व्हिडिओच नव्हता. आणि इथेही तोच नमुना दिसला: ज्या पालकांना डीव्हीडी स्वतःला आवडली होती, ते मूल किती शिकलं याचा अंदाज फुगवून सांगत होते.

म्हणून ‘आमच्या डोळ्यांनी बघितलंय’ हा पुरावा मी या विषयात मानायला तयार नाही. हे डोळे दोन वेगवेगळ्या प्रयोगांत नापास झालेत.

नऊ महिन्यांची पोरं आणि मँडरिन

आता माझ्या मते या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग. तो समजायला आधी थोडी पार्श्वभूमी.

आपल्याला ‘त’ आणि ‘ट’ यातला फरक इतका सहज कळतो की त्यात काही विशेष आहे असं वाटतच नाही. इंग्लिश बोलणाऱ्याला तो कळत नाही. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी दाखवलं की इंग्लिश घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला हा त-ट चा फरक ऐकू येतो, पण दहा-बारा महिन्यांपर्यंत ती क्षमता जवळपास नाहीशी होते. म्हणजे मेंदू पहिल्या वर्षातच ठरवायला लागतो की आजूबाजूला जे आवाज कामाचे आहेत तेवढे ठेवायचे, बाकीचे एकाच खात्यात टाकायचे.

मग वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली विचारलं: ही खिडकी बंद होत असताना परकी भाषा ऐकवली तर? सिएटलच्या इंग्लिश घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. चार आठवड्यांत बारा वेळा, प्रत्येक वेळी २५ मिनिटं, चिनी माणसं त्यांच्यासमोर बसून मँडरिनमध्ये गोष्टी सांगत, खेळणी दाखवत. एकूण जेमतेम पाच तास. नंतर मँडरिनमधल्या, इंग्लिशमध्ये नसलेल्या एका आवाजाच्या जोडीवर चाचणी घेतली. ही अमेरिकन बाळं तैवानमध्ये जन्मापासून मँडरिन ऐकणाऱ्या बाळांच्या तोडीस तोड निघाली! पाच तासांत!

आता दुसरा भाग. तीच माणसं, त्याच गोष्टी, तीच खेळणी, तेवढाच वेळ, पण व्हिडिओवर. आणखी एका गटाला नुसता ऑडिओ. दोन्हींचा निकाल: शून्य. ज्यांनी मँडरिन कधी ऐकलीच नव्हती त्यांच्यात आणि यांच्यात काही फरक नाही.

इनपुट तेच. बदलली ती एकच गोष्ट: माणूस खोलीत होता की काचेमागे.

न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या माझ्या मित्रांनी हा प्रयोग दोनदा वाचावा. तिकडच्या मराठी घरांत बाळ झालं की टीव्हीवर मराठी बालगीतांची प्लेलिस्ट लागते, म्हणजे मराठी "कानावर पडत राहील". आणि आईबाबा एकमेकांशी, बाळाशी बोलतात इंग्लिशमध्ये. तुमचा हेतू शंभर टक्के चांगला आहे. पण ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, या दोन ‘ज’ मधला फरक त्या प्लेलिस्टमधून उतरेल अशी आशा ठेवू नका. तो उतरेल तुमच्या तोंडून, तुम्ही बोललात तर.

हे असं का?

इंजिनिअरिंगच्या कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात ओपन लूप आणि क्लोज्ड लूप यावर हमखास प्रश्न असायचा. साधी टायमरवाली वॉशिंग मशीन ओपन लूप. कपडे स्वच्छ झाले की नाही ते तिला ठाऊक नसतं, पंचेचाळीस मिनिटं झाली की शिटी वाजवून मोकळी. फ्रिज क्लोज्ड लूप. आत किती गार झालंय ते बघतो आणि त्याप्रमाणे वागतो.

व्हिडिओ वॉशिंग मशीन आहे. आजी फ्रिज आहे. (आजी, माफ कर.)

गॅलरीत उभं असलेलं चौदा महिन्यांचं मूल वायरीकडे बोट दाखवून "का" म्हणतं. आजी म्हणते, "हो गं बाई, काऊ! काऊ आलाय. काय करतोय काऊ?" तेवढ्यात मुलाची नजर खाली मांजराकडे जाते. आजीची गाडी लगेच रूळ बदलते, "ती बघ माऊ. माऊ पळाली!" शब्द कधी आला? मूल ज्या गोष्टीकडे बघत होतं, नेमक्या त्या सेकंदाला, त्याच गोष्टीचा. मूल "का" म्हणालं त्याचं "काऊ" करून परत दिलं. बोलल्यावर काहीतरी घडतं, हा भाषेचा पहिला धडाही त्यातच आला.

आता व्हिडिओ. पडद्यावर हत्ती आहे, मूल पंख्याकडे बघतंय. व्हिडिओ म्हणतो, "एलिफंट!" मूल म्हणतं, "पं". व्हिडिओ म्हणतो, "एलिफंट!" नेटवर्कच्या भाषेत सांगायचं तर पॅकेट सोडली, पोचली का ते विचारलं नाही, आणि समोरून आलेली पॅकेट तर वाचलीच नाही. (नेटवर्कवाल्यांनो, उपमा आहे, आरएफसी काढून बसू नका.)

यावर "ही सगळी थिअरी झाली" असं कोणी म्हणेल. म्हणून आणखी एक प्रयोग. सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ, २०१४. मुलं २४ ते ३० महिन्यांची. काही मुलांना एका बाईने समोर बसून नवी क्रियापदं शिकवली. काहींना त्याच पद्धतीने व्हिडिओ कॉलवर. आणि काहींना दुसऱ्या मुलाशी झालेल्या कॉलचं रेकॉर्डिंग दाखवलं. समोरासमोरवाली शिकली. कॉलवालीही शिकली. रेकॉर्डिंगवाली नाही.

नीट बघा, इथे स्क्रीन दोन्हीकडे आहे. तोच चौकोन, तोच आवाज. फरक एवढाच की एकीकडे समोरची बाई त्या मुलाला उत्तर देतेय आणि दुसरीकडे दुसऱ्याच कोणाला तरी. म्हणजे काचेत दोष नाही. लूप तुटण्यात दोष आहे.

आणि याचा सरळ अर्थ असा की सांगलीच्या आजीचा रोज संध्याकाळचा दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, ज्यात अर्धा वेळ आजीचं कपाळच दिसतं आणि "ऐकू येतंय का?" चालू असतं, तो कुठल्याही ॲनिमेटेड चॅनलपेक्षा जास्त ‘एज्युकेशनल’ आहे. फुकट आहे, मराठीत आहे, आणि आजीलाही बरं वाटतं.

आता तुमचे ‘पण’

"पण सेसमी स्ट्रीटवर तर संशोधन आहे." आहे, आणि चांगलं आहे. १९६९ पासून चालू असलेला हा कार्यक्रम बघून मुलांचा शब्दसंग्रह वाढतो असं दाखवणारे अभ्यास आहेत. ती मुलं कोणती? तीन ते पाच वर्षांची, ज्यांना बोलता येतं, गोष्ट समजते, पडद्यावरचं आणि खरं यांचा संबंध लावता येतो. दोन-अडीच वर्षांनंतर मुलं व्हिडिओतून हळूहळू शिकायला लागतात हे मी नाकारतच नाही. पण त्या वयाचा पुरावा दाखवून या वयाचा माल विकायचा, ही चलाखी झाली.

"पण मिस रेचल वेगळी आहे." न्यूयॉर्कच्या रेचल अकर्सो यांनी २०१९ मध्ये हे व्हिडिओ सुरू केले, स्वतःच्या मुलाला बोलायला उशीर होत होता म्हणून. हळू बोलतात, तोंड जवळून दाखवतात, प्रश्न विचारून थांबतात. कर्कश रंगीबेरंगी कारखान्यापेक्षा कितीतरी बरं, मान्य. पण ते थांबणं सगळ्यांसाठी सारखंच असतं. मूल बोललं तरी तीन सेकंद, झोपलं तरी तीन सेकंद. मग "शाब्बास!" येतंच. त्या व्हिडिओतून आईने ती पद्धत शिकून घेतली तर उत्तम. म्हणजे तो आईने बघावा!

"पण व्हिडिओने मेंदू खराब होतो वगैरे जे सांगतात ते तरी सिद्ध झालंय का?" चांगला प्रश्न. २००७ मध्ये झिमरमन, क्रिस्टाकिस आणि मेल्ट्झॉफ यांनी हजारभर पालकांना फोन करून निष्कर्ष काढला की ८ ते १६ महिन्यांच्या मुलांमध्ये रोजच्या एका तासाच्या बेबी व्हिडिओमागे सहा ते आठ शब्द कमी आढळतात. डिस्नेच्या प्रमुखांनी विद्यापीठाला हे मागे घ्यायला सांगितलं, विद्यापीठाने नकार दिला. वर्तमानपत्रांना सणच मिळाला. पण २०१४ साली फर्ग्युसन आणि डोनेलन यांनी तोच डेटा पुन्हा तपासला तेव्हा तो परिणाम नगण्य निघाला. त्यामुळे "कार्टून बघितलं की मूल मुकं होतं" असली भीती मी घालणार नाही. दोन वर्षांचं मूल बोलत नसेल तर फोनला शिव्या देत आणखी सहा महिने घालवू नका, सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि आधी कान तपासून घ्या.

माझा मुद्दा साधा आहे. विष नाही म्हणून ते औषध होत नाही. साखरेच्या गोळ्या विकणाऱ्याने "कोणी मेलं का?" असं विचारणं हा त्या गोळ्यांच्या गुणाचा पुरावा नव्हे.

मग नुकसान कशाचं?

वेळेचं. मूल जागं असतं ते मोजके तास, आणि त्यातच ही सगळी क्लोज्ड लूप व्हायची असते. क्रिस्टाकिस यांच्याच २००९ च्या एका अभ्यासात ३२९ मुलांच्या अंगावर छोटे रेकॉर्डर लावले होते. टीव्हीचा आवाज चालू असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाला मोठ्यांकडून ऐकू येणारे शब्द सरासरी ७७० ने कमी झालेले दिसले. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २२० कुटुंबांचा असाच अभ्यास आला. तीन वर्षं वयाच्या मुलांमध्ये स्क्रीनच्या प्रत्येक जादा मिनिटामागे मोठ्यांचे सुमारे साडेसहा शब्द कमी, मुलाचे स्वतःचे उद्गार पाच कमी, आणि एक संवाद कमी. हे सहसंबंध आहेत, कबूल. पण इथे कार्यकारणभाव कळायला पीएचडी लागत नाही. टीव्ही बोलायला लागला की माणसं गप्प बसतात. आपल्याच हॉलमध्ये बघा.

१९८१ मध्ये प्रसिद्ध झालेली जिम नावाच्या मुलाची केस इथे आठवावी अशी आहे. आईवडील दोघंही कर्णबधिर, मुलाला ऐकू येणारं. मुलाला ऐकू येतं म्हणून आईवडील त्याच्याशी खुणांच्या भाषेतही फारसं बोलत नव्हते, आणि बोली इंग्लिश त्याच्या कानावर पडायची ती मुख्यतः टीव्हीवरून. पावणेचार वर्षांचा झाला तेव्हा त्याला शब्द येत होते, पण वाक्यं वयाच्या मानाने खूप मागे आणि भलत्याच घडणीची. मग मोठी माणसं येऊन त्याच्याशी बोलायला, खेळायला लागली आणि त्याची भाषा भराभर सुधारली. त्याचा धाकटा भाऊ त्याच घरात वाढला, पण त्याची वाक्यं ठीक होती. कारण त्याच्याशी बोलायला जिम होता! टीव्हीला जे जमलं नाही ते एका भावाला जमलं.

म्हणूनच शब्दांची यादी म्हणजे भाषा नव्हे. निळा ठोकळा दाखवल्यावर "ब्लू" म्हणणं हा लुकअप टेबल झाला. "निळा नको, तो दे" ही भाषा. "बाबा कुठे गेला?" ही भाषा. दूध सांडून "मी नाही, माऊने" ही तर पार भाषा. यातलं एकही वाक्य ठोकळ्यांच्या व्हिडिओत नसतं, कारण ती वाक्यं कोणाला तरी म्हणायची असतात.

आता खरं दुखणं

माझा सगळ्यात जास्त राग व्हिडिओ बनवणाऱ्यांवर नाहीच. ते धंदा करतायत. माझा राग आपल्यावर आहे, वाकड-बाणेर-ठाण्यातल्या आपल्या या हुशार जमातीवर.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत मूल सांभाळायला मावशी येतात. कोणी लातूरच्या, कोणी बीडच्या. त्यांच्या तोंडात दिवसभर अखंड, ठसठशीत, म्हणींनी भरलेली मराठी असते. एक वर्षाच्या मुलासाठी यापेक्षा भारी भाषाशिक्षक पैसे देऊनही मिळणार नाही. आणि आपण ऑफिसला निघताना काय सांगून जातो? "मावशी, त्याला तो इंग्लिश रंगांचा व्हिडिओ लावून द्या हं." म्हणजे जो माणूस बोलतो, ऐकतो, उत्तर देतो, त्याला गप्प करून आपण काचेला बोलायला बसवलं. का? कारण मावशींची भाषा आपल्याला ‘एज्युकेशनल’ वाटत नाही. ती गावठी वाटते. कोणी तोंडाने म्हणणार नाही, पण हेच आहे.

घरी आल्यावर पुन्हा तेच. ज्या भाषेत आपण भांडतो, लाड करतो, त्या भाषेत मुलाशी बोलायचं सोडून, "बेबी सी, डॉगी रनिंग करतोय!" ही भाषा तर व्हिडिओवाल्यांचीही नाही. मूल दोन काय, तीन भाषा एका वेळी शिकतं, त्यात गोंधळ-बिंधळ काही होत नाही. पण प्रत्येक भाषेला एक बोलणारा, ती आतून येणारा माणूस लागतो. इंग्लिश त्याला शाळेत मिळणारच आहे, मित्रांकडून मिळणार आहे, पुढे आपल्यासारखंच पोटासाठीही मिळणार आहे. मराठी मात्र त्याला देऊ शकणारी जगात मोजून चार-पाच माणसं आहेत, आणि ती सगळी फोन स्टँडला लावून दुसऱ्या खोलीत गेली आहेत.

वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनने २०१९ साली एक वर्षाच्या मुलांपर्यंत स्क्रीन नकोच आणि दोन वर्षांच्या मुलाला तासाभरापेक्षा जास्त नको असं सांगितलं. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचनाही दोन वर्षांखाली नको म्हणतात, अपवाद फक्त अधूनमधून नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलचा. बघा, अपवादसुद्धा नेमका लूप असलेल्या गोष्टीचाच आहे.

मग करायचं काय?

दमलेली आई आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतची वीस मिनिटं, हे वास्तव आहे. बाप तोवर ‘क्लायंट कॉल’ वर असतो, हेही वास्तव आहे. (त्याला स्वयंपाकघरात पाठवा, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.) त्या वीस मिनिटांसाठी कार्टून लावलं तर आकाश कोसळत नाही. लावा. फक्त त्याला शिक्षण म्हणू नका. म्हणा, "मला वीस मिनिटं हवी होती." हे प्रामाणिक वाक्य आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हे शब्दांचे खेळ वाटतील, पण नाहीत. ‘मला वीस मिनिटं हवी होती’ म्हणणारा माणूस एकविसाव्या मिनिटाला फोन काढून घेतो. ‘ती शिकतेय’ म्हणणारा माणूस दोन तास लावून ठेवतो आणि वर सबस्क्रिप्शनही घेतो. एका शब्दाने वीस मिनिटांचे दोन तास होतात. जाहिरातवाल्यांना हे आपल्याआधी कळलं होतं, म्हणून तर तो शब्द डब्यावर छापला.

बाकी अभ्यासक्रम सोपा आहे. भाजी निवडताना भाजीशी नाही, मुलाशी बोला. लिफ्टमध्ये मजले मोजा. ते बोट दाखवेल तिकडे बघा आणि त्याचं नाव सांगा. ते "बा" म्हणालं तर उत्तर द्या, काहीही द्या. मावशींना गप्प करू नका. आजीला कॉल लावा.

आणि पुढच्या वेळी कोणी अभिमानाने सांगितलं की "आम्ही काही केलं नाही", तर त्याला शांतपणे म्हणा, "हो, तेच तर!"